जुनी शेअर सर्टिफिकेटं आणि गिऱ्हाईक नसलेले शेअर : कागदापासून विक्रीपर्यंत

लिस्टेड कंपनीचे कागदी शेअर आज थेट विकता येत नाहीत. 1 एप्रिल 2019 पासून सेबीने, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामक संस्थेने, कागदी शेअरचं हस्तांतर थांबवलं. वारसाहक्काने नाव लागणं आणि संयुक्त धारकांच्या नावांचा क्रम बदलणं एवढेच अपवाद ठेवले. म्हणजे सर्टिफिकेट हातात असलं तरी मालकी शाबूत आहे, लाभांश आणि बोनसचा हक्कही शाबूत आहे. विकायचे असतील तर मात्र आधी डिमॅट, म्हणजे कागदी शेअर इलेक्ट्रॉनिक खात्यात घेणं. ते झालं की दुसरी अडचण सुरू होते. नव्वदच्या दशकातल्या पब्लिक इश्यूंच्या लाटेत घेतलेले बरेच शेअर आज साठ पैसे, दोन रुपये अशा भावाला पडून आहेत आणि त्यांना घेणारा रोज भेटत नाही. ही दोन्ही कामं नवख्या माणसाला स्वतः करता येतात, फक्त क्रम चुकवू नये.

कागद नीट वाचा

सर्टिफिकेटवर कंपनीचं नाव, फोलिओ नंबर, सर्टिफिकेट नंबर, दर्शनी किंमत आणि डिस्टिंक्टिव्ह नंबर, म्हणजे प्रत्येक शेअरचे अनुक्रमांक, असतात. शेवटच्या नंबरातून पहिला वजा करून एक मिळवला की शेअरची संख्या आली पाहिजे. 4561201 ते 4561300 म्हणजे 100 शेअर. मग कागद उलटा करा. पाठीमागे हस्तांतराच्या नोंदींचा तक्ता असतो आणि त्यातलं शेवटचं नाव हाच कंपनीच्या दप्तरी असलेला मालक. पुढच्या बाजूला कुणा परक्याचं नाव आहे म्हणून घाबरू नका, आणि घरच्यांनी पैसे मोजले होते म्हणून निर्धास्तही राहू नका. पाठीमागे घरच्यांचं नावच नसेल आणि सर्टिफिकेटला नुसता ट्रान्सफर फॉर्म टाचलेला असेल, तर ते शेअर तुमच्या नावावर कधी झालेच नाहीत. अशा अडकलेल्या व्यवहारांसाठी सेबी अधूनमधून मुदतीची सवलत देते. 1 एप्रिल 2019 च्या आधी दाखल होऊन त्रुटींमुळे परत आलेल्या फॉर्मसाठी 7 जुलै 2025 ते 6 जानेवारी 2026 अशी एक खिडकी होती. सध्या कोणती मुदत चालू आहे ते सेबीच्या परिपत्रकांत बघावं. चालू नसेल तर फॉर्म, दलालाचं बिल आणि सर्टिफिकेट एकत्र जपून ठेवावं.

आता कंपनी. नाव बदललं म्हणजे कंपनी बुडाली असं नाही. टेल्को 2003 मध्ये टाटा मोटर्स झाली, टिस्को 2005 मध्ये टाटा स्टील, हिंदुस्तान लिव्हर 2007 मध्ये हिंदुस्तान युनिलिव्हर. ब्रुक बाँड लिप्टन 1996 मध्येच लिव्हरमध्ये विलीन झाली होती. सत्यमचे शेअर 2013 मध्ये टेक महिंद्रात गेले, 17 ला 2 या प्रमाणात. त्यामुळे जुनं नाव बीएसईच्या संकेतस्थळावर सापडलं नाही, तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीची माहिती काढा. तिथे सध्याचं नाव, नोंदणीकृत पत्ता आणि स्थिती दिसते. चालू, अवसायनात, की नाव काढून टाकलेली, हे या एका शोधात कळतं. स्थिती ‘स्ट्राइक ऑफ’ असेल तर बहुतेक वेळा पुढे पैसे खर्च करण्यात अर्थ नसतो.

विलीनीकरण किंवा स्प्लिट (एका शेअरचे अनेक शेअर) झालेल्या कंपनीत आणखी एक फसगत होते. नवी सर्टिफिकेटं तेव्हाच पोस्टाने आलेली असतात आणि कपाटात सापडलेली जुनी रद्द झालेली असतात. उलटही घडतं : हातात 100 शेअरचा कागद असतो आणि फोलिओत बोनस धरून 600 शेअर निघतात. खरा आकडा फोलिओत असतो, आणि तो सांगणार आरटीए.

आरटीए शोधा, फोलिओचा उतारा मागा

आरटीए म्हणजे कंपनीचं भागधारकांचं दप्तर सांभाळणारी संस्था. तिचं नाव कंपनीच्या ताज्या वार्षिक अहवालात किंवा बीएसईवरच्या कंपनीच्या पानावर मिळतं. सर्टिफिकेटवर छापलेल्या आरटीएवर विसंबू नका. कार्वीचं हे काम आता केफिन टेक्नॉलॉजीज या नावाने चालतं, लिंक इनटाइम आता एमयूएफजी इनटाइम झाली आहे. मुंबईच्या शेअरप्रो सर्व्हिसेसवर तर भागधारकांचे शेअर आणि लाभांश परस्पर वळवल्याप्रकरणी सेबीने मार्च 2016 मध्ये कारवाई केली आणि तिच्याकडच्या कंपन्या दुसरीकडे गेल्या. जुन्या कागदावर शेअरप्रोचं नाव दिसलं, तर फोलिओची चौकशी जरा जास्तच काळजीने करा.

ईमेल किंवा पत्रात पाच प्रश्न विचारा. फोलिओत आज किती शेअर आहेत, कुणाच्या नावावर कोणत्या क्रमाने, माझ्याकडची सर्टिफिकेटं वैध आहेत का, न उचललेला लाभांश किती, आणि शेअर आयईपीएफकडे (गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधी) गेले आहेत का. शेवटचा प्रश्न विसरू नका. सलग सात वर्षं लाभांश उचलला नसेल तर कंपनी कायद्यानुसार शेअरच सरकारच्या आयईपीएफ प्राधिकरणाकडे जातात. ते परत मिळतात, पण मार्ग वेगळा आहे : आधी कंपनीकडून हक्काचं पत्र, मग आयईपीएफ-5 हा ऑनलाइन फॉर्म, आणि शेअर येतात ते थेट डिमॅट खात्यातच. वेळ बराच लागतो. ज्या कंपनीने कधी लाभांशच दिला नाही तिच्या बाबतीत हा धोका सहसा नसतो. पेनी शेअरवाल्यांना, म्हणजे अगदी कवडीमोल भावाचे शेअर असलेल्यांना, मिळणारा हा दुर्मीळ दिलासा.

खर्चाचा हिशेब इथेच करा

500 शेअर आणि भाव 60 पैसे, म्हणजे 300 रुपये. त्यासाठी डीपीचं (डिमॅट खातं सांभाळणारी बँक किंवा ब्रोकर) दर सर्टिफिकेटमागचं शुल्क, रजिस्टर पोस्ट, आणि प्रतिज्ञापत्र लागलं तर मुद्रांक. महाराष्ट्रात ऑक्टोबर 2024 पासून शंभराच्या जागी बहुतेक कामांना 500 चा मुद्रांक लागतो. म्हणजे एकच प्रतिज्ञापत्र आख्खी विक्री खाऊन टाकतं. आमचा सल्ला स्पष्ट आहे : नाव, सही, पत्ता सगळं जुळत असेल तर छोटी रक्कमही डिमॅट करून मोकळं व्हावं. वारस लावायचे असतील किंवा सर्टिफिकेट हरवलं असेल, तर सगळा खर्च वजा जाता हाती काही उरतं का ते आधी कागदावर मांडावं. उरत नसेल तर सोडून देण्यात कमीपणा नाही.

केवायसी, सही आणि नावाचे घोळ

कागदी फोलिओचं कोणतंही काम केवायसीशिवाय पुढे सरकत नाही. फॉर्म आरटीएच्या संकेतस्थळावर मिळतात. आयएसआर-1 मध्ये पॅन, पत्ता, मोबाइल, ईमेल आणि बँक खातं. आयएसआर-2 म्हणजे बँकेने करून दिलेली सहीची खात्री. एसएच-13 हा नामनिर्देशनाचा फॉर्म, आणि ते नको असेल तर आयएसआर-3. सोबत पॅनची स्वतः सही केलेली प्रत (पॅन आधारशी जोडलेलं हवं), पत्त्याचा पुरावा आणि नाव छापलेला रद्द केलेला चेक. चेकवर नाव छापलेलं नसेल तर पासबुकाचं पहिलं पान बँकेकडून साक्षांकित करून घ्या. संयुक्त धारक असतील तर प्रत्येकाची कागदपत्रं लागतात. एकाचीच पाठवली की आख्खा संच त्रुटीपत्रासह परत येतो.

सगळ्यात जास्त अर्ज अडतात ते सहीवर. आरटीएकडे 1993 ची सही असते आणि माणूस आता थरथरत्या हाताने सही करतो. फरक किरकोळ असेल तर आरटीए धारकाला स्पीड पोस्टाने कळवते, हरकतीसाठी 15 दिवस थांबते आणि काम पुढे नेते. ते पत्र जुन्या पत्त्यावर जाऊन परत आलं तर काम अडतं, म्हणून पत्ता आधी अद्ययावत करा. फरक मोठा असेल तर आयएसआर-2 हाच उपाय. त्यावर बँक अधिकाऱ्याची सही, नाव, पद, कर्मचारी क्रमांक, शाखेचा शिक्का आणि धारकाचा फोटो, सगळं हवं. शाखेत पुष्कळदा “आम्ही असं देत नाही” असं ऐकायला मिळतं. ज्या शाखेत खातं जुनं आहे तिथे फॉर्मची छापील प्रत घेऊन शाखाधिकाऱ्यांनाच भेटा. हा सेबीचा ठरलेला नमुना आहे हे फॉर्मवर दिसलं की बोलणं सोपं होतं.

मग नाव. सर्टिफिकेटवर ‘एस. व्ही. कुलकर्णी’ आणि डिमॅट खात्यावर ‘संजय वसंत कुलकर्णी’ असेल आणि सही जुळत असेल, तर डीपीने ते स्वीकारायचं असतं. फक्त आद्याक्षरांच्या फरकासाठी प्रतिज्ञापत्राची गरज नाही. लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा महाराष्ट्र राजपत्रातली नोंद जोडावी लागते. आपल्याकडे बायकांच्या नावावर शेअर घेताना दलाल जे लिहील ते चालायचं, त्यामुळे हा घोळ घरोघरी सापडतो. नावं तीच पण क्रम उलटा असेल, कागदावर पती-पत्नी आणि खात्यात पत्नी-पती, तर नवं खातं उघडायची गरज नसते. डिमॅटच्या अर्जासोबत ट्रान्सपोझिशनचा फॉर्म भरला की भागतं.

संयुक्त धारकांपैकी एकाचं निधन झालं असेल तर मृत्यूचा दाखला आणि हयात धारकाची केवायसी पुरते. सगळे धारक गेले असतील आणि नामनिर्देशन असेल तर नॉमिनीने आयएसआर-5 भरायचा. नामनिर्देशन नसेल तर एका कंपनीतल्या 5 लाख रुपयांपर्यंतच्या कागदी शेअरसाठी वारसा प्रमाणपत्राचा हट्ट धरला जात नाही; वारसांची प्रतिज्ञापत्रं, इतर वारसांची नाहरकत आणि क्षतिपूर्ती बंधपत्र यांवर काम होतं. पेनी शेअर जवळजवळ नेहमी या मर्यादेतच बसतात, तेव्हा कुणी कोर्टाची वाट दाखवली तर आधी या सवलतीबद्दल विचारा.

सर्टिफिकेट हरवलं असेल तर आयएसआर-4 भरायचा, आणि सोबत पोलीस तक्रारीची प्रत लागते का ते आरटीएला विचारायचं. लागत असेल तर तक्रारीत फोलिओ, सर्टिफिकेट आणि डिस्टिंक्टिव्ह नंबर लिहिलेले असले पाहिजेत. मूल्य ठरलेल्या मर्यादेच्या आत असेल तर वर्तमानपत्रातली जाहिरात लागत नाही. जानेवारी 2022 पासून कागदी डुप्लिकेट मिळत नाही, या कामांचा शेवट डिमॅटमध्येच होतो. आरटीएने लेटर ऑफ कन्फर्मेशन (डिमॅटसाठी सर्टिफिकेटऐवजी मिळणारं पत्र) दिलं तर त्यावरची 120 दिवसांची मुदत पाळा. ती उलटली की शेअर कंपनीच्या सस्पेन्स खात्यात जातात आणि पुन्हा अर्जविनंत्या आल्या.

परदेशात स्थायिक झालेल्यांनी एक वेगळी काळजी घ्यावी. शेअर घेताना निवासी असाल आणि आता अनिवासी असाल, तर निवासी म्हणून उघडलेलं जुनं डिमॅट खातं वापरू नये. एनआरओशी (अनिवासी भारतीयांचं रुपयातलं बँक खातं) जोडलेलं अनिवासी डिमॅट खातं उघडावं आणि सह्या भारतीय दूतावासात किंवा नोटरीकडे साक्षांकित कराव्यात.

डिमॅटचा अर्ज

खातं नसेल तर बेसिक सर्व्हिसेस डिमॅट खातं मागा. सप्टेंबर 2024 पासून अशा खात्यातल्या शेअरचं मूल्य 4 लाखांपर्यंत असेल तर वार्षिक शुल्क नाही, 4 ते 10 लाखांना वर्षाला 100 रुपये. खातं उघडताना एक गोष्ट नक्की विचारा : तुम्ही कागदी शेअर डिमॅटसाठी घेता का? फक्त ॲपवर चालणारे काही ब्रोकर घेतात, पण कागद त्यांच्या मुख्य कार्यालयात कुरिअर करावे लागतात. जवळपास शाखा असलेली बँक किंवा जुना ब्रोकर यासाठी बरा.

डीआरएफ, म्हणजे डिमॅटच्या विनंतीचा फॉर्म, प्रत्येक कंपनीसाठी वेगळा. त्यात आयएसआयएन, म्हणजे शेअरचा ओळख क्रमांक, चुकला की अर्ज नामंजूर. दर्शनी किंमत बदलली की आयएसआयएनही बदलतो, म्हणून जुन्या यादीतला न घेता डिपॉझिटरीच्या संकेतस्थळावर सध्याचा बघा. सर्टिफिकेटवर ‘डिमॅटसाठी सुपूर्द’ असा शिक्का मारला जातो आणि डीपी कागदाला छिद्रं पाडून तो बाद करतो. हे तुमच्या समोर होऊ द्या, आणि त्याआधी प्रत्येक सर्टिफिकेटच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढा. लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट डीपी बहुधा परत करतो.

पोचपावतीवर विनंती क्रमांक, म्हणजे डीआरएन, मागून घ्या. डीपीने 7 दिवसांत कागद आरटीएकडे धाडायचे आणि आरटीएने ते मिळाल्यापासून 15 दिवसांत निकाल द्यायचा, असा नियम आहे. महिना उलटूनही काही कळलं नाही तर आधी डीपीला आणि आरटीएला लेखी, मग सेबीच्या स्कोअर्स या तक्रारींच्या संकेतस्थळावर तक्रार. तिथे 21 दिवसांत उत्तर द्यावं लागतं आणि प्रत्यक्षात उत्तर येतंही.

या टप्प्यावर फोन येऊ लागतात. “तुमचे शेअर आम्ही दुप्पट भावात घेतो, फक्त कोऱ्या फॉर्मवर सही करा.” किंवा, “शेअर मिळवून देतो, वीस टक्के आमचे, पण फाइल चार्ज आधी.” कोरा ट्रान्सफर फॉर्म, कोरी डिलिव्हरी स्लिप (डिमॅट खात्यातून शेअर देण्याची चिठ्ठी) आणि मूळ सर्टिफिकेट यांतलं काहीही अनोळखी माणसाच्या हाती देऊ नये.

विक्री : आधी शेअरचा गट बघा

शेअर खात्यात आले, भाव 1.85 रुपये दिसतोय, संख्या 4,000. मनात 7,400 रुपये पक्के झालेले असतात. ते तसे मिळत नाहीत.

बीएसईवर शेअरच्या नावासमोर गट लिहिलेला असतो. ‘एक्स’ म्हणजे फक्त बीएसईवर असलेला शेअर. ‘टी’ आणि ‘एक्सटी’ म्हणजे ट्रेड-टू-ट्रेड, प्रत्येक व्यवहाराची डिलिव्हरी सक्तीची. ‘झेड’ म्हणजे कंपनीने बाजाराचे नियम पाळलेले नाहीत. एनएसईवर त्याच अर्थाने ‘बीई’ आणि ‘बीझेड’ दिसतं. त्याशिवाय शेअर जीएसएम किंवा ईएसएम या देखरेखीच्या यादीत आहे का तेही बघा. जीएसएमच्या वरच्या टप्प्यांत आठवड्यातून एकदाच व्यवहार होतो आणि खरेदीदाराला शेअरच्या किमतीइतकी जादा अनामत काही महिने बिनव्याजी अडकवून ठेवावी लागते. मग घेणारा येईल कशाला? म्हणूनच यातले शेअर वर्षानुवर्षं लोअर सर्किटला, म्हणजे दिवसाच्या खालच्या हद्दीच्या भावाला, टेकलेले दिसतात. ईएसएमच्या दुसऱ्या टप्प्यात किंमतपट्टा, म्हणजे एका दिवसात भाव वर-खाली जाण्याची मर्यादा, फक्त 2 टक्के असतो.

काही शेअर पिरियॉडिक कॉल ऑक्शनमध्ये असतात. तिथे तासातासाची फेरी असते : पहिली 45 मिनिटं ऑर्डरी गोळा होतात, मग एकच भाव निघतो आणि त्या भावाला जुळतील तेवढेच सौदे होतात. न जुळलेली ऑर्डर फेरी संपताच रद्द होते. सकाळी ऑर्डर टाकून संध्याकाळी बघणाऱ्यांचे शेअर का विकले जात नाहीत, ते यातच आहे. प्रत्येक फेरीत ऑर्डर नव्याने टाकावी लागते.

साध्या गटातल्या शेअरसाठी मार्केट डेप्थ, म्हणजे कोणत्या भावाला किती खरेदीदार-विक्रेते उभे आहेत त्याचा तक्ता, उघडा. समजा, कालचा बंद भाव 1.80, पट्टा 5 टक्के, म्हणजे खालची हद्द 1.71. खरेदीदार असे आहेत : 1.82 ला 200, 1.80 ला 1,500, 1.71 ला 3,000. मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाला विका) टाकली तर 200 आणि 1,500 वरच्या दोन भावांना जातील आणि उरलेले 2,300 थेट 1.71 ला. हाती 6,997 रुपये, पडद्यावरच्या आकड्यापेक्षा 403 कमी. म्हणून अशा शेअरमध्ये मार्केट ऑर्डर कधीही टाकू नका. 1.80 ची लिमिट (याहून कमी भावाला नको) लावली तर 1,700 शेअर जातील आणि बाकीचे रांगेत उभे राहतील.

तुकडे पाडून विकण्याला मात्र दुसरी बाजू आहे. ज्या दिवशी खात्यातून शेअर जातात त्या प्रत्येक दिवशी डीपीचं ठरावीक शुल्क लागतं, मग 50 शेअर असोत की 5,000. ते बऱ्याच ब्रोकरकडे जीएसटीसह पंधरा-वीस रुपयांच्या घरात असतं. शिवाय किमान ब्रोकरेज, 0.1 टक्का एसटीटी (शेअर व्यवहारावरचा कर), आणि ‘एक्स’, ‘झेड’ अशा गटांत बीएसईचं व्यवहार शुल्कही बरंच चढं. 364 रुपयांचे 200 शेअर एका दिवशी विकणं म्हणजे दहावा हिस्सा देऊन टाकणं. एका दिवशी दोन-तीन हजारांची तरी विक्री व्हावी असं बघा. त्याहून छोटी होल्डिंग असेल तर चार-सहा पैसे कमी घ्या, पण एकाच दिवशी मोकळे व्हा.

शेअर लोअर सर्किटला बंद असेल तर भाव सगळ्यांचा एकच, त्यामुळे आधी आलेल्याचा नंबर आधी. सकाळी 9 ला प्री-ओपन सुरू होतं, ऑर्डर तेव्हाच रांगेत गेलेली असावी. आफ्टर-मार्केट ऑर्डरची सोय असेल तर आदल्या रात्री टाका. ऑर्डर त्या दिवसापुरतीच असते, दुसऱ्या दिवशी पुन्हा. खूप स्वस्त शेअरमध्ये पट्टा नावापुरता उरतो : 45 पैशांना 5 टक्के म्हणजे सव्वादोन पैसे, आणि पैशाखाली भाव नसतो, म्हणून प्रत्यक्षात 2 पैसे. अचानक मोठी मागणी दिसली, अप्पर सर्किट लागू लागले आणि मोबाइलवर ‘टिप’चे मेसेज फिरू लागले, तर थांबून बघू नका. ही तुमच्या विक्रीची संधी आहे, कारण असे खेळ संपल्यावर घेणारे पुन्हा गायब होतात.

ॲपवर ऑर्डर नाकारली जाते हेही नेहमीचंच. अनेक ब्रोकर ‘झेड’ गट किंवा जीएसएमचे शेअर ऑनलाइन अडवतात. अशा वेळी कस्टमर केअरला फोन करून डीलरमार्फत विका. त्याचं शुल्क आधी विचारून घ्या. विक्रीच्या वेळी सीडीएसएल या डिपॉझिटरीचा टी-पिन आणि ओटीपी लागतो, किंवा एकदाच डीडीपीआय (विकलेले शेअर खात्यातून काढण्याची ब्रोकरला दिलेली परवानगी) सही करून ठेवता येतं. शेअर खात्यात मोकळे दिसल्याशिवाय विक्री करू नका. ट्रेड-टू-ट्रेडमध्ये डिलिव्हरी चुकली तर सौदा क्लोज-आउट होतो, 20 टक्के किंवा त्याहून जास्त चढ्या भावाने, आणि भुर्दंड विकणाऱ्याला.

ओळखीच्या माणसाला “अमुक वाजता अमुक भावाला घे” असं ठरवून बाजारात सौदा जुळवणं टाळा. ठरवून केलेले सौदे सेबीच्या नियमांत बसत नाहीत, आणि जिथे दिवसाला दोनच सौदे होतात तिथे ते लगेच नजरेत येतात.

विकताच येत नसेल तर

बीएसईच्या पानावर ‘सस्पेंडेड’ असेल तर बंदी उठेपर्यंत बाजारात विक्री नाही. कंपनी स्वेच्छेने डीलिस्ट झाली, म्हणजे शेअर बाजारातून बाहेर पडली, असेल तर त्यानंतर वर्षभर प्रवर्तकांना ठरलेल्या भावात उरलेले शेअर घ्यावे लागतात, तेव्हा तारीख तपासा. सक्तीने डीलिस्ट झालेल्या कंपनीत प्रवर्तकांनी मूल्यांकनकाराच्या भावाने शेअर घ्यावेत असा नियम आहे, पण प्रवर्तकच सापडत नसतील तर तो कागदावर राहतो. पुण्यासारख्या प्रादेशिक बाजारांत नोंदलेल्या काही कंपन्या ते बाजार बंद झाल्यावर डिसेमिनेशन बोर्डावर (अशा कंपन्यांच्या खरेदीदार-विक्रेत्यांची माहिती देणारा फलक) गेल्या, त्यांचीही चौकशी करता येते. दिवाळखोरीच्या निकालात भागभांडवल शून्य झालेलं असेल, जसं 2021 मध्ये डीएचएफएलचं झालं, तर तिथे मिळण्यासारखं काही उरत नाही.

कर

वर्षापेक्षा जास्त ठेवलेले शेअर बाजारात विकले तर वर्षभरातल्या एकूण दीर्घ मुदतीच्या नफ्यातले पहिले 1.25 लाख करमुक्त, त्यापुढच्या नफ्यावर 12.5 टक्के. मुदत मोजायची ती मूळ खरेदीपासून, डिमॅट झाल्यापासून नव्हे. वारशाने आलेल्या शेअरला मूळ मालकाची तारीख आणि किंमत लागू होते. 31 जानेवारी 2018 पर्यंत घेतलेल्या शेअरसाठी त्या दिवसाचा सर्वोच्च भाव खरेदी किंमत म्हणून धरता येतो, मात्र विक्रीच्या रकमेच्या मर्यादेत. त्या दिवशी सौदाच झाला नसेल तर त्याआधी ज्या दिवशी झाला त्या दिवसाचा. खरी खरेदी किंमत त्याहून जास्त असेल तर तीच धरायची. पेनी शेअरमध्ये बहुधा तोटाच निघतो. विवरणपत्र मुदतीत भरलं तर तो पुढची 8 वर्षं दीर्घ मुदतीच्या नफ्यातून वजा करता येतो. बनावट नफा दाखवण्यासाठी पेनी शेअर वापरले गेल्याने आयकर खातं या सौद्यांकडे संशयाने बघतं, त्यामुळे अलॉटमेंटचं पत्र, दलालाचं जुनं बिल, सर्टिफिकेटचे फोटो, डीआरएफची पोचपावती आणि विक्रीची कॉन्ट्रॅक्ट नोट एकाच फाइलीत लावून ठेवा.